खचलेली बाजू

सावनेरच्या रस्त्यावर, दहेगावच्या अलीकडे,
बाबाने मागून पाठीवर दोनदा थाप मारली: थांब.
मी गाडी कडेला घेतली.
तिथे काहीच नव्हतं. कपाशी, धुऱ्यावरची तूर,
रसवंतीचा एक बंद पडलेला चरक.

"दिसून राह्यली का?"
मला नाही दिसली.
मग त्याने हवेत बोट धरून
शिंप्याने खडूची मारावी तशी सरळ रेघ मारली.
इकडे काळी माती, तिकडे भुरकी.
इकडच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी,
तिकडची नुसती कबुतरांची.
आणि मधोमध शिंदीची झाडं, कोणीच न लावलेली,
एकामागे एक,
बाया नळाला लागतात तशी.

एकतीस वर्षं सेमिनरी हिल्सच्या ऑफिसात
साहेबांमागून दगडांची पिशवी वाहिली त्याने.
पगारपत्रकावर नाव : सुकलाल मरसकोल्हे, खलाशी.
समुद्र त्याने कधी पाहिला नाही.
साहेब म्हणत, भ्रंश.
बाबा म्हणायचा, फाट.
"जमिनीची एक बाजू बसली, पोरी,
दुसरी उभीच राह्यली."

उभी राहिली तिचं काय झालं?
ऊन, पाऊस, नाले. कोटी कोटी वर्षं
खरवडत नेलं तिला, हाडं दिसेपर्यंत.
बसली तिच्या पोटात मात्र
कोळसा तसाच राहिला, थरावर थर,
जिभेसारख्या पानांचे ठसेसुद्धा.
खचली म्हणून वाचली.
सिलेवाड्याचे पाळीवाले रोज तिच्याच पोटात उतरतात,
कोराडीची धुरांडी तिचंच खातात,
आणि आमच्या गिट्टीखदानच्या खोलीत
ट्यूबलाइट दोनदा फडफडून लागते.

कन्हानही म्हणे चांगली सरळ येता येता
एकाएकी कोपर मारून वळते.
"नदी हुशार नसते," बाबा सांगायचा,
"आळशी असते. दगड जिथं आधीच मोडला
तिथूनच जाते."

दोन वर्षांपूर्वी मेडिकलच्या ओपीडीत
डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं : स्मृतिभ्रंश.
मला हसू आलं, चक्क हसू,
सायकल स्टँडपर्यंत पुरलं ते.
बाबाला शब्द वाचून दाखवला.
त्याने गंभीरपणे विचारलं, "थ्रो किती?"
एक बाजू किती खाली गेली
त्याला ते लोक थ्रो म्हणतात.
"मोजला का साहेबानं?"
नाही मोजला, बाबा.

सकाळचे पोहे खाल्ले की नाही,
गॅस बंद केला की नाही, माझं नाव,
हे सगळं वरचं. झिजत चाललंय.
मला तो कधी मैना म्हणतो, त्याची वारलेली बहीण,
कधी नर्सबाई.
पण बोअर नंबर सात,
एकशे बेचाळीस मीटरवर राखाडी वालुकाश्म,
खाली चार बोटं कोळसा, मग पुन्हा राखाडी :
लाकडी पेटीत ओळीने लावलेल्या नळकांड्या,
एकही जागची हललेली नाही.
आणि परवा दात घासता घासता
फेसासकट एक ओळ तोंडातून आली, गोंडीतली,
त्याच्या आईची असावी, पेरणीची.
मी जन्मात ऐकली नव्हती.
अर्थ विचारला तर म्हणाला,
कशाचा?

आता तो शिंदीखाली उभा आहे,
एक पाय काळीत, एक भुरकीत,
आणि पँटची चेन उघडून निवांत मुततो आहे.
मी विहिरीकडे तोंड केलं.
कबुतरं उडाली, परत बसली.

"साहेब!" त्याने हाक मारली. मलाच.
"इथं खुंटी मारा. हेच आहे ते."
गेल्या सालची तुराटी सापडली एक,
वाकून रोवली.
सहज आत गेली.

"तारीख टाका."
मी आजची सांगितली.
त्याने मान हलवली, नवख्या साहेबाला
समजवावं तशी, हळू.
"इतकी वर नाही," म्हणाला,
"अजून खाली."